दोन आगींमधली वर्षं

एका हेक्टरात पाइनचं एकही रोप नाही आणि दुसऱ्या हेक्टरात ५ लाख ३५ हजार. दोन्ही जागा एकाच उद्यानातल्या, एकाच उन्हाळ्यात जळालेल्या. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९८८ साली लागलेल्या आगींनंतर अकरा वर्षांनी, म्हणजे १९९९मध्ये, मोनिका टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९० ठिकाणी झाडं मोजली, तेव्हा हाती आलेल्या आकड्यांची ही दोन टोकं. वरच्या टोकाला चौरस मीटरमागे पन्नासहून जास्त रोपं पडतात, पाय ठेवायलाही जागा उरत नाही. वणव्यानंतर जंगल परत येतं का, असा सरळ प्रश्न घेऊन जाणाऱ्याला या आकड्यांत सरळ उत्तर सापडत नाही. टर्नर यांनी तीसहून जास्त वर्षं ज्या कामाला दिली ते काम या तफावतीचा उलगडा करण्याचं आहे, म्हणून त्यांच्या संशोधनाची ओळख इथूनच करून द्यायला हवी.

आधी त्या उन्हाळ्याविषयी. यलोस्टोन हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. १८७२ साली स्थापन झालेलं, बहुतेक वायोमिंग राज्यात, थोडं मोंटाना आणि आयडाहोत. गरम पाण्याची कारंजी, बायसनचे कळप, अस्वलं यांसाठी लोक तिथे जातात. पण तिथल्या जंगलापैकी सुमारे ८० टक्के जंगल एकट्या लॉजपोल पाइनचं आहे: सरळसोट, बारीक खोडाचं, दाटीवाटीने वाढणारं झाड. १९७२पासून उद्यानात असं धोरण होतं की विजेमुळे लागलेल्या आगीपासून माणसांना किंवा इमारतींना धोका नसेल तर ती जळू द्यायची. १९८७पर्यंत अशा २३५ आगी जळू दिल्या गेल्या. त्या सगळ्यांनी मिळून ३३,७५९ एकर जंगल खाल्लं आणि त्या आपल्या आपण विझल्या. त्यामुळे १९८८च्या जूनमध्ये ठिकठिकाणी धूर दिसू लागला तेव्हा कुणाची झोप उडाली नाही. वसंतात पाऊस बरा झाला होता. पुढे तो थांबला तो थांबलाच, आणि उद्यानाच्या नोंदींतला सर्वांत कोरडा उन्हाळा सुरू झाला.

जुलैच्या उत्तरार्धात सगळ्याच आगी विझवायच्या असं ठरलं, तोवर त्या हाताबाहेर गेल्या होत्या. सात मोठ्या आगींपैकी तीन माणसांमुळे लागलेल्या होत्या. त्यातली नॉर्थ फोर्क आग उद्यानाच्या हद्दीबाहेर लाकूड तोडणाऱ्याने टाकलेल्या सिगारेटच्या थोटकातून सुरू झाली. २० ऑगस्टला वाऱ्याने असा काही जोर धरला की एका दिवसात दीड लाखाहून जास्त एकर जळाले; तो दिवस अजून ‘काळा शनिवार’ म्हणून ओळखला जातो. त्या मोसमात एकूण २५ हजार माणसं आगीशी झुंजली, १२ कोटी डॉलर खर्च झाले, आणि शेवटी ११ सप्टेंबरच्या हिमवृष्टीने जे केलं ते यांपैकी कशालाच जमलं नव्हतं. उद्यानाचे सुमारे ७ लाख ९४ हजार एकर आगीच्या घेऱ्यात आले होते. म्हणजे ३६ टक्के.

दूरचित्रवाणीवर रोज रात्री ज्वाळा दिसत होत्या. यलोस्टोन संपलं, असं लोकांना वाटलं, आणि धोरण आखणाऱ्यांवर टीकेची झोड उठली. या गदारोळात एका माणसाचं जुनं काम अचानक महत्त्वाचं ठरलं. विल्यम रॉम या वनस्पतिशास्त्रज्ञाने यलोस्टोनमधल्या ७३ चौरस किलोमीटरच्या एका पाणलोट क्षेत्रात आगींचा इतिहास शोधून काढला होता. झाडांच्या खोडांवरचे आगीचे जुने व्रण, वाढीची वलयं आणि झाडांची वयं यांवरून. १९८२ साली छापून आलेल्या त्या कामाचा निष्कर्ष असा होता की अठराव्या शतकात तिथलं बहुतेक जंगल मोठ्या आगींमध्ये जळून गेलं होतं आणि त्यानंतर दीर्घकाळ फक्त किरकोळ आगी लागल्या. आग झाडांच्या शेंड्यांवरून धावायला लागते ती जंगल तीनशे ते चारशे वर्षांचं झाल्यावर. त्याआधी पेटायला पुरेसं सरपणच साठत नाही, असंही त्यांनी लिहिलं होतं. म्हणजे १९८८मध्ये घडलं ते न भूतो असं नव्हतं. पूर्वीचं कुणाच्या हयातीत घडलं नव्हतं एवढंच. रॉम यांचं सरपणाविषयीचं विधान मात्र वाचकाने लक्षात ठेवावं. पुढे त्याच्याशी आपली गाठ आहे.

मोनिका टर्नर यांचा यलोस्टोनशी संबंध १९७८चा. महाविद्यालयात शिकत असताना एका उन्हाळ्यात त्यांनी ओल्ड फेथफुल कारंज्यापाशी काम केलं होतं. पुढे जॉर्जिया विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन त्या टेनेसीतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेल्या. अणुबॉम्बच्या प्रकल्पासाठी वसवलेल्या या जागी परिसरशास्त्रज्ञ काय करत होते, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. किरणोत्सारी द्रव्यं मातीत, पाण्यात, झाडांत कशी फिरतात हे शोधायला त्यांना तिथे आणलं गेलं होतं, आणि मग तिथे संगणकावर निसर्गाची प्रारूपं बांधणारी एक पिढी तयार झाली. टर्नर त्या पिढीतल्या. भूप्रदेशाचं परिसरशास्त्र तेव्हा नुकतं आकाराला येत होतं. त्यातला मूळ विचार असा: एखाद्या प्रदेशात जंगल किती आहे एवढं पुरेसं नाही, ते कुठे आणि कोणत्या आकाराच्या तुकड्यांत आहे यावर तिथे काय घडणार हे ठरतं. आग कशी पसरेल याचे खेळ त्या आणि रॉबर्ट गार्डनर संगणकावर चौकटी मांडून खेळत होते. आणि तेवढ्यात खरी आग लागली.

१९८८च्या ऑक्टोबरमध्ये टर्नर आणि रॉम यांनी हेलिकॉप्टरमधून जळालेला प्रदेश पाहिला. वर्तमानपत्रं वाचून मनात तयार झालेलं सलग काळं वाळवंट खाली नव्हतं. काळे पट्टे, त्यांच्या कडेला होरपळून तपकिरी पडलेल्या सुया, आणि मध्येच आगीने शिवलंही नाही असे हिरवे तुकडे. ३६ टक्के हा आकडा आगीच्या बाह्यरेषेचा होता. आतलं चित्र गोधडीसारखं होतं. पुढे नकाशे करून मोजलं तेव्हा दिसलं की सर्वांत वाईट जळालेल्या भागापैकी बहुतांश जागा न जळालेल्या किंवा हलक्या जळालेल्या जंगलापासून दोनशे मीटरच्या आत होत्या. वरवर तांत्रिक वाटणाऱ्या या नकाशातून टर्नर यांचा संशोधनाचा कार्यक्रमच ठरला: आग किती मोठी होती यापेक्षा तिने मागे काय ठेवलं ते आधी मोजायचं.

मागे काय राहिलं होतं? सर्वांत महत्त्वाचं म्हणजे शंकू. लॉजपोल पाइनच्या काही झाडांचे शंकू पिकल्यावर उघडतात आणि बिया वाऱ्यावर सोडतात. काहींचे शंकू मात्र राळेने घट्ट चिकटलेले असतात आणि वर्षानुवर्षं फांदीवर तसेच बंद राहतात. ही राळ वितळायला सुमारे ४५ ते ६० अंश सेल्सियस तापमान लागतं, आणि झाडाच्या शेंड्यावर ते आगीशिवाय सहसा येत नाही. आग येते, झाड मरतं, शंकूचे खवले उलगडतात, आणि थंड होत चाललेल्या राखेवर बिया पडतात. सावली देणारं वर कुणी उरलेलं नसतं, जमीन मोकळी असते, ऊन भरपूर असतं. लॉजपोलला नेमकं हेच हवं असतं. १९८९ आणि १९९०, या दोन वर्षांतच बहुतेक रोपं उगवून आली, आणि ती ज्या बियांमधून आली त्या त्याच जागी मेलेल्या झाडांच्या होत्या.

एवढं पाठ्यपुस्तकात आधीही होतं. टर्नर यांच्या चमूने त्यात घातलेली भर म्हणजे हिशेब. बंद शंकूंच्या झाडांचं प्रमाण यलोस्टोनमध्ये जागोजाग वेगळं आहे: सखल भागात जास्त, उंचावर कमी. जिथे ते जास्त होतं तिथे रोपांचा गालिचा उगवला. जिथे बहुतेक झाडांचे शंकू आधीच उघडून रिकामे झाले होते तिथे फार थोडं उगवलं. आगीच्या तीव्रतेनेही फरक पडला. जमिनीवरून गेलेल्या कडक आगीत झाडं मेली, पण शंकू शाबूत राहून उघडले. शेंड्यांवरून गेलेल्या आगीत शंकूंपैकी काही जळून गेले, म्हणून तिथे रोपं तुलनेने कमी. शून्य आणि ५ लाख ३५ हजार या दोन टोकांमधलं अंतर भरून निघतं ते असं. पाऊस, माती, उतार यांचाही वाटा आहे, पण आगीच्या दिवशी फांद्यांवर किती बंद शंकू होते ही गोष्ट सगळ्यांत वजनदार ठरली. आणि हा फरक लवकर पुसला जात नाही. जुन्या जंगलांच्या तुलनेवरून असं दिसतं की दाट आणि विरळ तुकडे एकमेकांसारखे व्हायला दीडदोनशे वर्षं लागतात. १९८८ची आग पुढच्या शतकातल्या जंगलाचा नकाशा काढून गेली आहे.

मातीतही बरंच काही तगलं होतं. बहुतेक ठिकाणी आगीची मारक उष्णता मातीत जेमतेम इंचभर उतरली. त्याखालची मुळं आणि कंद जिवंत होते. पहिल्याच उन्हाळ्यात राखेतून फुटलेली बरीचशी गवतं आणि फुलझाडं बाहेरून आलेली नव्हती. उद्यानाने झाडं लावली नाहीत. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण त्यामुळेच तर हे संशोधन होऊ शकलं. वृक्षारोपणाचा कार्यक्रम आणि मंत्र्यांचा फोटो झाला असता तर पुढची तीस वर्षं कुणी काय मोजत बसलं असतं?

नत्राचं प्रकरण या सगळ्यात मला सर्वांत सुंदर वाटतं, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. आगीनंतर जमिनीतला नत्र नायट्रेटच्या रूपात पावसाबरोबर वाहून जातो आणि जमीन निकस होते, असा समज होता. तो तपासायची संधी २००० साली त्याच परिसरात लागलेल्या आगींनी दिली. त्या जळक्या मातीवरची मोजमापं २००७मध्ये प्रसिद्ध झाली. नत्र मुख्यतः अमोनियमच्या रूपात होता, आणि मातीतल्या सूक्ष्मजीवांनी तो स्वतःत साठवून ठेवला होता. म्हणजे जमिनीच्या वर झाडं मेलेली असताना खाली न दिसणारी एक फौज खताची राखण करत होती. अशा शोधाचं छायाचित्र छापता येत नाही, म्हणून तो वर्तमानपत्रांत येत नाही.

आश्चर्याचा एक धक्का अ‍ॅस्पेनने दिला. पिंपळासारखी वाऱ्याच्या झुळुकीनेही पानं थरथरणारं हे झाड अमेरिकेच्या पश्चिमेत मुख्यतः मुळांतून फुटणाऱ्या धुमाऱ्यांनी पसरतं. बियांपासून उगवणं इतकं दुर्मीळ की ते जवळजवळ धरलंच जात नसे. १९८८नंतर जळालेल्या जागी अ‍ॅस्पेनची रोपं दिसली, जुन्या अ‍ॅस्पेनपासून कित्येक किलोमीटर लांब आणि जास्त उंचीवर. न जळालेल्या जंगलात ती नव्हती. त्यातली बरीच एल्क नावाच्या मोठ्या हरणांनी खाल्ली, तरी काही टिकली. आग लागली नसती तर हे झाड तिथवर पोचलं नसतं.

मराठी वाचकाला इथे एक सूचना. आपल्याकडचा वणवा निराळा आहे. फेब्रुवारी-मार्चपासून सह्याद्रीच्या डोंगरांवर गवत जळतं, विदर्भातल्या पानगळीच्या जंगलात पाचोळा जळतो. ती आग बहुधा जमिनीलगत राहते, आणि बहुतेक वेळा माणसाच्या हातची असते: नवं गवत यावं म्हणून, मोहाची फुलं वेचायला जमीन साफ व्हावी म्हणून, तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणून, किंवा नुसता निष्काळजीपणा. वनखातं जाळरेषा काढतं ते तिला अडवायला. आपल्या सागाचा किंवा पळसाचा वंश बंद शंकूंच्या भरवशावर चालत नाही. जळून गेल्यावर तो बुंध्याजवळून पुन्हा फुटतो. म्हणून ‘यलोस्टोन परत आलं, तेव्हा वणव्याने काही बिघडत नाही’ असा सोयीचा अर्थ कुणी या संशोधनातून काढू नये. टर्नर यांचा प्रश्न मात्र जसाच्या तसा इकडे आणता येतो: दोन आगींमध्ये किती वर्षं जातात? दर एक-दोन वर्षांनी पाचोळा पेटत असेल तर त्यात सागाचं जुनं झाड तगेल; दोन वितींचं रोप तगेल का?

हाच प्रश्न यलोस्टोनच्या कहाणीला दुसऱ्या भागात घेऊन जातो. नव्वदच्या दशकापासून ही कहाणी पुनर्जन्माची म्हणून सांगितली गेली. राखेतून हिरवं जंगल ही प्रतिमा इतकी लोकप्रिय झाली की १९८८ची घबराट लोकांना हास्यास्पद वाटू लागली. टर्नर यांच्या निष्कर्षांचा त्यात मोठा हात होता. पण त्यांच्या निबंधांतली एक अट बातम्यांत कधी आली नाही: या जंगलात मोठ्या आगी शंभर ते तीनशे वर्षांच्या अंतराने लागत आल्या आहेत. सगळी भरपाई त्या अंतरात होते. शंकू तयार व्हायला झाड पुरेसं मोठं व्हावं लागतं, आणि लहान वयाचं लॉजपोल सुरुवातीला उघडणारे शंकू धरतं. बंद शंकूंचा साठा नंतर साठत जातो.

२०११ साली अँथनी वेस्टरलिंग, टर्नर आणि इतरांनी हवामानाच्या प्रारूपांवरून एक अंदाज मांडला. तापमान वाढत राहिलं तर या शतकाच्या मध्यापर्यंत तिथल्या आगींमधलं अंतर तीस वर्षांहून कमी होऊ शकतं, आणि मोठी आग न लागलेलं वर्ष दुर्मीळ होईल. अनेकांना तो अतिरेकी वाटला असणार. कोवळं जंगल पेटत नाही, ही समजूत पक्की होती. रॉम यांचं १९८२चं विधान आठवावं. १९८८मध्येच वाऱ्याच्या जोरावर आग काही तरुण जंगलांतून गेली होती, पण तो अपवाद मानला गेला.

२०१६ साली तो अपवाद राहिला नाही. मेपल नावाच्या आगीने १९८८नंतर उगवलेलं अठ्ठावीस वर्षांचं जंगल जाळलं. बेरी नावाच्या आगीत २०००नंतर उगवलेलं सोळा वर्षांचं जंगलही गेलं. ज्या रोपांच्या गालिच्यांनी यलोस्टोनचं नाव राखलं होतं, तेच आता जळत होते. दुसऱ्या वर्षी टर्नर यांचा चमू टेप आणि वह्या घेऊन पुन्हा मैदानात उतरला. पुन्हा जळालेल्या १८ जागा, आणि शेजारच्या, पुन्हा न जळालेल्या ९.

२०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाचे आकडे सावकाश वाचावेत. आधीच्या आगीनंतर जितकी रोपं आली होती, त्यांच्या सहाव्या हिश्श्याएवढीच आता आली. हेक्टरला ४० हजारांहून जास्त झाडं असलेले तुकडे हजाराच्या खाली आले. जमिनीवरच्या भागातला कार्बन, न जळालेल्या शेजारापेक्षा ६२ टक्क्यांनी कमी. काही ठिकाणी तर झाडांचे उभे सांगाडेही उरले नव्हते. १९८८ची आग मोठी झाडं मारून गेली होती, पण त्यांची खोडं पडून कुजत राहिली होती आणि नव्या रोपांना आडोसा देत होती. या वेळी दाट आणि बारीक झाडं बुंध्यासकट राख झाली, मागे आखूड खुंट. या जागांचा कार्बन भरून यायला दीडशेहून जास्त वर्षांचा उशीर होईल, असं गणित निघालं. जंगल नाहीसं झालं, असं मात्र लेखकांनी म्हटलेलं नाही. विरळ का होईना, झाडं आली. जंगलाची उभारी झिजते आहे, एवढंच त्यांनी म्हटलं, आणि ते वाक्य त्यांनी फार जपून लिहिलं आहे.

मला या संशोधनाचं मोल इथे दिसतं. आधीची आनंदाची बातमी आणि नंतरची चिंतेची, दोन्ही एकाच चमूने, त्याच पद्धतीने, त्याच मातीत मोजून काढल्या. १९८८नंतर ज्यांनी ‘घाबरू नका’ म्हटलं त्यांनीच २०१९ला ‘आता लक्ष द्या’ म्हटलं, आणि दोन्ही वेळी त्यांच्या हातात रोपांची मोजदाद होती. हे सोपं नाही. संशोधनाची अनुदानं तीन-चार वर्षांची असतात, विद्यार्थी पाच-सहा वर्षांत पदवी घेऊन निघून जातात, आणि झाडाला आपलं वय सांगायची घाई नसते. टर्नर १९९४मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात आल्या. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी पुढे शंकूंवर, कार्बनवर, आगीच्या तीव्रतेवर स्वतंत्र कामं केली. त्यांच्यापैकी विन्स्लो हॅन्सन यांनी उंचावरची माती खाली, जास्त उष्ण आणि कोरड्या जागी नेऊन तिच्यात बिया पेरल्या, म्हणजे भविष्यातलं हवामान आजच अनुभवता यावं. रोपं झपाट्याने कमी झाली. बी असूनही ते रुजत नसेल, तर शंकूंचा साठा कितीही असला तरी काय उपयोग?

टर्नर यांचं काम पुढे वाचताना संगणकावरच्या प्रारूपांची चर्चा येईल, तिथे सामान्य वाचक कंटाळून पानं उलटतो. तसं करू नये. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी घडवलेल्या ‘आयलँड’ या प्रारूपात टर्नर यांच्या चमूने यलोस्टोनचं जंगल झाडागणिक उभं केलं आहे: कोणत्या वयाला किती शंकू, बी किती लांब जातं, कोणत्या उन्हाळ्यात रोप जगतं. त्यात घातलेल्या जवळजवळ प्रत्येक संख्येमागे कुणीतरी गुडघे टेकून मोजलेली रोपं आहेत. मग वेगवेगळी हवामानं लावून हे शतक पुढे चालवलं जातं. हरितगृह वायूंचं उत्सर्जन लवकर आटोक्यात आलं तर बहुतेक जंगल जंगल राहतं, झाडांचं वय मात्र कमी होतं. तसं झालं नाही आणि पाऊसही घटला, तर आधी सखल भागातली आणि कडेची जंगलं विरळ होतात, काही ठिकाणी लॉजपोलची जागा डग्लस फर किंवा अ‍ॅस्पेन घेतात आणि काही ठिकाणी कुणीच घेत नाही. यांतली कोणती वाट खरी ठरते ते पाहायला टर्नर यांनी आखलेले चौकोन अजून तिथे आहेत, आणि ते मोजायला आता त्यांच्या विद्यार्थ्यांचे विद्यार्थी जाऊ लागतील.